चिंचोक्यांचं अर्धायुष्य

आमच्या घरातलं चिंचोक्यांचं पोतं कधी रिकामं झालेलं मी पाहिलं नाही. वडिलांचा, म्हणजे आमच्या आप्पांचा, पुस्तकं बांधायचा धंदा होता. जुन्या औरंगाबादेत रस्त्याकडं उघडणारी पुढची खोली हे त्यांचं दुकान आणि मागच्या दोन खोल्या हे आमचं घर. बांधणीला जी खळ लागते ती आप्पांना चिंचोक्यांचीच लागायची. मैद्याच्या खळीनं पुस्तकाला कसर लागते, चिंचोक्याच्या खळीनं लागत नाही, असं त्यांचं मत होतं आणि त्या मतापुढं घरात कुणाचं काही चालायचं नाही. मग आई चिंचोके भाजायची, साल काढायची, दळायची आणि शिजवायची. माझ्या दप्तराला, केसांना, परकराला त्या खळीचा वास यायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. मीही काही गरीब गाय नव्हते. तुमच्या वह्यांची पानं निखळली की कुणाच्या दारात येता ते मी त्यांना मोठ्यानं ऐकवायचे.

पोत्यातले चांगले मोठे चिंचोके आई निवडून बाजूला ठेवायची. ते अष्टाचंग्यासाठी. चिंचोका मधोमध फोडला की त्याचे दोन भाग होतात, प्रत्येकाची एक बाजू तपकिरी आणि एक पांढरी. असे चार अर्धे चिंचोके फेकायचे आणि पांढरे पडतील तितकी घरं सोंगटी पुढं न्यायची. चारही पांढरे पडले तर चंगा, म्हणजे चार. एकही पांढरा पडला नाही, चारही तपकिरी, तर अष्टा, म्हणजे आठ, आणि वर आणखी एक डाव. दुपारी कामं आटोपली की गल्लीतल्या बायका आमच्या मागच्या खोलीत जमायच्या.

आईच्या हाताला अष्टा सारखा पडायचा. चारही चिंचोके पांढरी बाजू खाली करून ती तळहातावर रांगेत धरायची आणि फेकायची नाही, मनगटातून नुसते सोडायची. ते उलटायचे नाहीत, घसरत जायचे. हे तिनं मला कधी शिकवलं नाही. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून तिच्या मांडीला मांडी लावून खेळत आले आणि तिचा हात माझ्या हातात कधी उतरला ते दोघींनाही कळलं नाही. पुढं पुढं गल्लीतल्या बायका आम्हा मायलेकींना एका बाजूनं खेळू द्यायच्या नाहीत. याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं. हात बसलाय म्हणायचे.

मॅट्रिकच्या वर्गात आम्हाला शास्त्र शिकवायला नवे सर आले. ते छावणीत राहायचे, सायकलवर यायचे, डोक्यावर काळी टोपी आणि खिशात पितळी पानाचा डबा. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शननंतर शाळांची भाषा बदलली तेव्हा ते तिशीला आले होते. तेव्हा त्यांनी तिसरीचं मराठी वाचनाचं पुस्तक आणलं आणि स्वतःच्या पोराशेजारी बसून गिरवलं. हे ते स्वतःच सांगायचे आणि सांगताना त्यांना जरासुद्धा संकोच वाटायचा नाही. त्यांची टिपणं उर्दूत असायची. उजवीकडून डावीकडं बोट फिरवत ते मनात वाचायचे आणि तोंडानं मराठी बोलायचे. अक्षर मात्र तिसरीतल्या पोरासारखं, गोल गोल आणि ओळीत. पहिल्यांदा फळ्यावर आलेख काढला तेव्हा खडू उजव्या टोकाला टेकवून रेघ डावीकडं ओढत नेली. आम्ही खुदखुदलो. त्यांनी वळून फळ्याकडं पाहिलं आणि तेही हसले.

अणूची रचना त्यांनी आम्हाला शाळेच्या अंगणात शिकवली. छावणीचं परेडचं मैदान सगळ्यांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, अणू त्या मैदानाएवढा धरा, मग केंद्रक म्हणजे मैदानाच्या मधोमध ठेवलेला ज्वारीचा एक दाणा. सगळं वजन त्या दाण्यात. इलेक्ट्रॉन पार कुंपणाजवळ. एका मुलीनं विचारलं की मग मधल्या सगळ्या मैदानात काय असतं. सरांनी दोन्ही हात मोकळे करून दाखवले आणि काहीच नसतं म्हणाले. मला ते फार आवडलं. त्या दिवशी घरी येऊन मी आप्पांच्या लोखंडी शिकंज्याकडं, म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायच्या त्यांच्या यंत्राकडं, किती तरी वेळ बघत राहिले. एवढं वजनदार धूड आणि आतून जवळजवळ मोकळं, हे मला खरंच वाटेना.

मग किरणोत्सार आला. आमच्या शाळेत धड तापमापी नव्हता, तिथं रेडियम कोण दाखवणार. पण सरांच्या घड्याळाच्या काट्यांना रेडियमचा रंग होता. त्यांनी काळी छत्री उघडून तिच्याखाली आम्हाला दोघी-दोघींना बसवलं आणि घड्याळ दाखवलं. हिरवट काहीतरी दिसलं, फारच फिकट. घड्याळ हैदराबादेत घेतलं तेव्हा फार चमकायचं, असं ते म्हणाले. रेडियम संपलं का, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले की रेडियम आहे तसंच आहे, त्यातलं अर्धं संपायला सोळाशे वर्षं लागतात. ते ज्याला चमकवतं तो रंग दमला आहे.

अर्धायुष्य हा शब्द तिथं पहिल्यांदा आला. त्यांच्या टिपणात त्याला निस्फ हयात लिहिलेलं होतं, तेही त्यांनी सांगितलं. पुस्तकात त्यावर जेमतेम दहा ओळी होत्या आणि त्या माझ्या डोक्यात शिरेनात. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले की सोळाशे वर्षांत अर्धं गेलं, तर पुढच्या सोळाशे वर्षांत उरलेलं अर्धं जायला पाहिजे. पुन्हा त्याच्या अर्ध्यावरच का थांबतं? मी जरा तावातावानंच विचारलं. न कळलेल्या गोष्टीचा मला राग येतो, अजूनही येतो. सर रागावले नाहीत. उद्या सांगतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या त्यांनी विचारलं, घरी चिंचोके कुणाकडं आहेत? सगळ्या वर्गानं माझ्याकडं पाहिलं.

आप्पांना विचारून मी पिशवीभर चिंचोके नेले. एक अख्खी दुपार आम्ही चोवीस मुली वजनमापांनी चिंचोके फोडत बसलो होतो. सरांनी प्रत्येकीला चौसष्ट अर्धे चिंचोके मोजून दिले. प्रयोग घरी करायचा होता. सगळे फेकायचे, पांढरे पडतील ते गेले समजून बाजूला काढायचे, उरलेले मोजून आकडा वहीत लिहायचा आणि उरलेले पुन्हा फेकायचे. असं दहा वेळा. कोणता चिंचोका कधी जाईल ते कुणी सांगू शकत नाही, पण एकूण किती जातील ते सांगता येतं आणि अणूंचंही तसंच असतं, एवढं म्हणून ते थांबले. मग एक बोट वर करून म्हणाले, "जो आकडा येईल तोच लिहा. आवडला नाही तरी तोच."

घरी मी मागच्या खोलीतल्या फरशीवर बसले. चौसष्ट चिंचोके माझ्या ओंजळीत मावेनात, म्हणून मी चार-चार करून फेकायला लागले. चार म्हटल्यावर हात आपसूक तसाच वळला. माझ्या ध्यानीमनी काही नव्हतं. मी फेकत होते, मोजत होते, लिहीत होते. आई खळीचं पातेलं घेऊन जाता जाता थांबली आणि म्हणाली की आज लई अष्टे पडायलेत तुला. मला बरं वाटलं. चौसष्टाचे अठ्ठावन्न झाले, मग पंचावन्न, एकोणपन्नास, सत्तेचाळीस. दहा वेळा फेकून झाल्यावर माझ्याकडं तेहतीस चिंचोके शिल्लक होते. मी आकडे शाईनं लिहिले, खाली रेघ मारली आणि वही दप्तरात टाकली.

सरांनी वह्या तपासून दिल्या तेव्हा माझ्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं, "निरीक्षणे बनावट." शेजारणीच्या वहीत चौसष्ट, चौतीस, अठरा, दहा, चार, तीन, एक असे आकडे होते. सगळ्याच मुलींचे थोड्याफार फरकानं तसेच. दहा वेळा फेकून कुणाचाही एकापेक्षा जास्त चिंचोका उरला नव्हता. माझे तेहतीस. थोडे थोडे वजा करत घरी बसल्या बसल्या लिहिलेत असंच कुणालाही वाटलं असतं. सरांनी माझ्याकडं न बघता एक घडी केलेली चिठ्ठी दिली. तिच्यात त्यांच्या त्या गोल अक्षरात लिहिलं होतं की आपल्या कन्येने प्रयोग न करता आकडे मनाने लिहिले आहेत, पालकांनी वाचून सही करावी.

मला रडू आलं नाही. कान तापले. पण तो ताव शाळा सुटेपर्यंतच टिकला. घरची वाट धरली आणि मी मुद्दाम लांबच्या गल्लीनं वळले.

त्याला कारण होतं. मी आठवीत गेले तेव्हा फर्दापूरकडचे माझे थोरले काका माझ्यासाठी स्थळ घेऊन आले होते. मुलाला जमीन होती, वर नोकरी होती. पोरगी शिकतीये तोवर शिकू दे, असं आप्पा म्हणाले. काकांनी फारच लावून धरलं तेव्हा आप्पांनी माझ्याकडं बोट करून त्यांना शब्द दिला, "शाळेतून हिची एक तक्रार येऊ द्या. त्या दिवशी दप्तर खुंटीला." आप्पा मुळात बोलायचे कमी आणि बोललेलं दुसऱ्यांदा बोलायचे नाहीत. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास होता. काका दर दिवाळीला यायचे आणि पाणी पिता पिता विचारायचे की काय म्हणते शाळा.

आता तक्रार माझ्या दप्तरात होती. ती आप्पांना दाखवली की शाळा संपली. मॅट्रिकची परीक्षा नाही, कॉलेज तर नाहीच. मी चिठ्ठीच्या आणखी दोन घड्या केल्या आणि प्रयोगवहीला आप्पांनीच घातलेल्या खाकी कव्हराच्या आत सरकवली. सर दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी हळू आवाजात म्हणाले, सही? मी विसरले म्हणाले. तिसऱ्या दिवशीही विसरले म्हणाले. खोटा आकडा न लिहिलेली मी आता रोज सकाळी खोटं बोलत होते, आणि याचा मला सरांपेक्षा स्वतःचा जास्त राग येत होता.

त्या संध्याकाळी मी चिंचोके घेऊन पुन्हा बसले. चार-चार करून फेकले. एकसष्ट. सत्तावन्न. मी घाबरले. माझ्या चिंचोक्यांचं काहीतरी वेगळं आहे असं वाटलं. मग पुस्तकाचीच शंका यायला लागली. सगळ्या जगाच्या रेडियमबद्दल पुस्तक चुकीचं सांगतंय आणि ते फक्त मला कळलंय, असा विचार मी पाच मिनिटं तरी खरोखर केला.

चौथ्या दिवशी सरांनी माझं नाव घेतलं आणि मी विसरले म्हणायच्या ऐवजी उभी राहून म्हणाले, "सर, मी खोटं लिहिलं नाही. इथं फेकून दाखवते."

सरांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मी चिंचोके काढले, चार घेतले, सोडले. चारही तपकिरी. पुढचे चार, तेही तपकिरी. मग एक पांढरा. मग पुन्हा चारही तपकिरी. मागून कुणीतरी अष्टा म्हणालं आणि दबकं हसू पसरलं. सर चिंचोक्यांकडं बघतच नव्हते. ते माझ्या मनगटाकडं बघत होते. त्यांनी चार चिंचोके उचलले आणि स्वतः फेकले, दोन पांढरे पडले. पुन्हा फेकले, तीन. मग मला म्हणाले, डोळे मिटून फेक. मी डोळे मिटून सोडले आणि उघडून पाहिलं तर चारही तपकिरी.

ते खुर्चीत बसले. खिशातून पानाचा डबा काढला, त्यातली पानं आणि सुपारी रुमालावर ओतली, चौसष्ट चिंचोके डब्यात भरले, झाकण लावून खडखड हलवलं आणि टेबलावर ओतलं. पांढरे बाजूला काढून मला मोजायला सांगितलं. छत्तीस उरले. पुन्हा हलवून ओतलं, सतरा. मग नऊ. मग चार. चौथ्या खेपेनंतर तर मला स्वतःचीच गंमत वाटायला लागली होती. डब्यातले चिंचोके कुणाचं ऐकत नव्हते.

"चिंचोक्यावर तुझा हात चालतो, बेटा," सर म्हणाले. "अणूवर कुणाचाच चालत नाय. तापवा, गोठवा, दाबा. त्याला जायचं तेव्हाच तो जातो." मग ते उठले आणि वर्गाकडं तोंड करून म्हणाले, "हिनं खरं लिहिलं होतं. वाचायला मी चुकलो."

त्यांनी माझ्या वहीतला लाल शेरा खोडला. आमच्या वेळी मास्तर चुकत नसत, चुकले तरी सांगत नसत. चोवीस मुलींसमोर एक पोक्त माणूस मी चुकलो म्हणतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि मला तेव्हा जे वाटलं त्याला माया म्हणण्यापलीकडं माझ्याजवळ शब्द नाही.

मग ते म्हणाले, चिठ्ठी परत दे. मी वहीचं कव्हर उलगडलं. आत काही नव्हतं. दुसरी बाजू उलगडली, दप्तर झटकलं, पानं चाळली. चिठ्ठी नव्हती. इतके दिवस न आलेलं रडू तिथं आलं. हुंदके देत मी त्यांना सगळं सांगितलं, काका, स्थळ, खुंटीला टांगायचं दप्तर. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळात पाहिलं आणि शाळा सुटल्यावर मी तुझ्याबरोबर येतो म्हणाले.

संध्याकाळी ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. आप्पा शिकंजा आवळत होते. निजामाच्या वेळी सरकारी कचेरीची दफ्तरं त्यांनी बांधलेली, त्यामुळं सरांशी ते सरळ दखनीत बोलायला लागले. सरांनी फळीवर बसून झालेलं सगळं सांगितलं, चिठ्ठी लिहिली होती तेही सांगितलं. आप्पा पुस्तकाच्या पाठीला खळ लावत ऐकत होते. मी दाराआड उभी राहून त्यांच्या तोंडाकडं बघत होते. तिथं राग दिसेना आणि आश्चर्यही दिसेना.

सरांना तो हात मूळचा कुणाचा ते बघायचं होतं. आई पदर सावरत आली, खाली बसली आणि ओळीनं पाच अष्टे टाकले. सरांच्या तोंडातलं पान चघळायचं राहिलं. मग त्यांनी आपला डबा पुढं केला आणि यातून टाका म्हणाले. आईनं डबा हलवून ओतला. तीन पांढरे. पुन्हा एक. पुन्हा दोन. आई नाराज झाली. डब्यानं कुठं खेळ असतो व्हय, असं म्हणून तिनं डबा परत दिला आणि चहा टाकायला उठून गेली. जाताना सर आप्पांना म्हणाले की या पोरीला मॅट्रिकनंतर शास्त्र शिकू द्या. आप्पा त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. दोघं तिथल्या नळाजवळ थोडा वेळ उभे होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

परत आल्यावर आप्पा चिठ्ठीबद्दल विचारतील म्हणून मी वाट पाहत होते. ते म्हणाले, खळ घट्ट झालीये, पाणी टाक. त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही कधी नाही. आईनंच केर काढताना चिठ्ठी फेकली असेल अशी मी समजूत करून घेतली. दिवाळीला काका आले तेव्हा मॅट्रिक होऊ द्या, असं आप्पा म्हणाले. मॅट्रिक झाल्यावर बघू म्हणाले. बघू बघू करत मी बी.एस्सी. झाले. पण तेवढी सगळी वर्षं मी धाकात काढली. कॉलेजात कधी उशिरा गेले नाही, कधी कुणाशी वाद घातला नाही, माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं. एक तक्रार आणि दप्तर खुंटीला, हे वाक्य माझ्याबरोबर चालायचं.

नोकरी लागली तीही शाळेतच. पहिल्याच वर्षी अर्धायुष्याचा धडा आला आणि मी छावणीत सरांकडं गेले. मला तो पानाचा डबा हवा होता. वर्गासाठी डबे पुष्कळ मिळाले असते, पण मला तोच हवा होता. सर निवृत्त झाले होते, पान डॉक्टरांनी बंद केलं होतं, मनगटावर घड्याळ तेच होतं. मी शास्त्र शिकवते म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की ते तीनदा उठले आणि तीनदा बसले. मग आत जाऊन डबा घेऊन आले. डब्यात एक घडी केलेला कागद होता.

"तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं, तिला सांगू नका, थोडा धाक राहू द्या," ते म्हणाले. "आता तू मास्तरीण झालीस. आता काय धाक."

ती तीच चिठ्ठी होती. वर सरांचा गोल अक्षरातला मजकूर. खाली आप्पांचं पेन्सिलीनं लिहिलेलं, त्यांच्या बांधणीच्या खुणांसारखं जाड आणि तिरपं: माझी मुलगी असं लिहिणार नाही. पुन्हा मोजून बघावं. त्याखाली सही आणि तारीख. तारीख मी वर्गात चिंचोके फेकले त्याच्या तीन दिवस आधीची होती.

नळाजवळ त्या संध्याकाळी आप्पांनी ती खिशातून काढून सरांना दिली होती. कव्हर फुगलेलं त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पुस्तकं बांधणाऱ्याच्या घरात वहीच्या कव्हरात कागद लपवायचा, एवढीच अक्कल मला मॅट्रिकला होती. त्यांनी चिठ्ठी काढली, वाचली, उत्तर लिहिलं आणि खिशात ठेवली. पोरगी आज ना उद्या स्वतः येऊन सांगेल म्हणून ते थांबले होते, असं सर म्हणाले.

तिथून मी तडक घरी आले. आप्पा दुकानात बसून पानं दुमडत होते. त्यांची नजर मंद झाली होती, काम बोटांच्या अंदाजानं चालायचं. मी समोर बसले आणि त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आपली सही ओळखली.

"मोजलं व्हतं का मग त्यांनी पुन्हा?" त्यांनी विचारलं.

व्हय म्हणाले मी. मग माझा आवाज चढला, कारण इतक्या वर्षांचा धाक आता रागासारखा वर आला होता. मी म्हणाले, "आप्पा, तुमच्या खिशात व्हती तर मला विचारलं का नाय? मी चार दिवस मरत व्हते."

आप्पांनी चिठ्ठीची घडी होती तशीच पुन्हा घातली, नखानं तिची कड नीट दाबली आणि माझ्या हातात दिली.

"तू का नाय दाखवली मला?" ते म्हणाले.

मी डबा बाजूला ठेवला, त्यांच्या पुढ्यातली अर्धी पानं माझ्याकडं ओढली आणि त्यांच्याबरोबर दुमडत बसले.